एसएमपीएसचं व्होल्टेज वाचताना आकडा कुणी मोजला ते आधी बघा

बेळगावजवळच्या येळ्ळूरहून माझ्या भाच्यानं रात्री साडेदहाला मोबाईलवर एक फोटो पाठवला, कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा, कुठलंतरी फुकटचं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर उघडलेलं आणि त्यात १२ व्होल्टच्या ओळीत आकडा होता ८.०९६. खाली लिहिलेलं, "मामा, एसएमपीएस गेला काय? बंद करू काय?" एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. मी फोन लावला तर मागं गेमचा आवाज चालूच. म्हटलं, गड्या, १२ च्या जागी खरंच ८ येत असते तर तुझी गेम राहू दे, कॉम्प्युटरच उभा राहिला नसता, हार्डडिस्क फिरायची थांबली असती आणि बोर्डानं केव्हाच मान टाकली असती. झोप आता, सकाळी मीटर घेऊन येतो.

सकाळी गेलो, मोजलं, मीटरवर १२.१ आलं. एसएमपीएस ठणठणीत. पण पोराची रात्रीची झोप गेली आणि मी दोन दिवस उशिरा गेलो असतो तर त्यानं नवीन एसएमपीएस विकत घेतला असता हे नक्की. वडगावातल्या माझ्या रिपेरिंगच्या दुकानात असे लोक दर महिन्याला येतात, कुणी चांगला एसएमपीएस फेकून दिलेला असतो तर कुणी खराब झालेला "आकडा बरोबर दाखवतोय की" म्हणून वापरत बसलेला असतो, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एसएमपीएस काय करतो ते समजून घ्या. भिंतीतून २३० व्होल्ट एसी येतात. एसएमपीएस आधी त्याचं डीसी करतो, ते साधारण ३२५ व्होल्टच्या आसपास जातं, मग त्याचे सेकंदाला ५०,००० किंवा लाखभर वेळा तुकडे पाडून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून सोडतो आणि पलीकडं १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी तयार करतो. यात महत्त्वाची गोष्ट अशी की आत एक सर्किट सतत बाहेरच्या व्होल्टेजवर डोळा ठेवून असतं. उसाला पाणी पाजताना दारं धरणारा गडी असतो ना, पाटात पाणी वाढलं की दार थोडं लावतो, पाणी कमी झालं की दार उघडतो, सरीत मात्र पाणी तेवढंच चाललं पाहिजे, तसंच हे काम. त्यामुळं घरात ट्यूब मंद झाली, व्होल्टेज २३० वरून २१० वर आलं, तरी चांगल्या एसएमपीएसच्या १२ व्होल्टला त्याचा पत्ताही लागत नाही. "आमच्याकडं व्होल्टेज कमी असतंय म्हणून कॉम्प्युटरचं १२ पण कमी येतंय" असं लोक सांगतात तेव्हा ते दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. कारखान्यांच्या उद्यमबागेत मोठी मशीन चालू झाली की लाईट लवते, तेव्हा कॉम्प्युटर रिस्टार्ट झाला तर त्याचं कारण वेगळं, त्यावर खाली येतो.

आता बाहेर काय काय येतं. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाची मोजमापं ठरवून दिली, तीच थोडीफार बदलत आजपर्यंत चालली आहेत. पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड, जांभळी ५ व्होल्ट पण ही कॉम्प्युटर बंद असतानाही चालू असते, निळी उणे १२. पिवळ्या, लाल, नारिंगी आणि जांभळीला ५ टक्के वरखाली चालतं, म्हणजे १२ व्होल्ट हे ११.४० ते १२.६० पर्यंत, ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ पर्यंत आणि ३.३ हे ३.१४ ते ३.४६ पर्यंत. उणे १२ ला १० टक्के. हल्लीच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये सगळ्या वायरी काळ्याच असतात, तिथं रंगावर जाऊ नका, कनेक्टरमधली जागा बघून चला.

यातलं सगळ्यात कामाचं म्हणजे १२. जुन्या काळी प्रोसेसर ५ व्होल्टवर जगायचे, पण २००० साली पेंटियम ४ आला तेव्हापासून प्रोसेसरला १२ व्होल्टचा वेगळा चार पिनी कनेक्टर आला, आणि आज प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, पंखे सगळे १२ वरच ओढतात. कारण सोपं आहे. प्रोसेसरला शेवटी लागतात साधारण सव्वा व्होल्ट. १०० वॅट जर सव्वा व्होल्टनं पाठवायचे म्हटले तर ८० अँपिअर लागतील, एवढी जाड वायर कॅबिनेटमध्ये बसवणार कुठं? तेच १२ व्होल्टनं पाठवले तर सव्वाआठ अँपिअरमध्ये काम होतं, आणि प्रोसेसरच्या अगदी शेजारी बोर्डावरचं सर्किट १२ चे सव्वा करतं. म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये सीपीयू कोअर व्होल्टेज ०.८ वरून १.३ वर उड्या मारताना दिसलं तर घाबरू नका, ते एसएमपीएसचं नाहीच, प्रोसेसर काम वाढेल तसं कमीजास्त मागून घेतो. आणि व्ही-बॅट म्हणून जो ३ च्या आसपासचा आकडा दिसतो तो बोर्डावरच्या चपट्या सेलचा. तो उतरला की तारीख-वेळ मागं पडते, सेल बदलला की झालं.

आता भाच्याच्या ८.०९६ कडं येतो, कारण तिथंच खरी गंमत आहे.

सॉफ्टवेअर स्वतः काही मोजत नाही. मदरबोर्डावर एक चिप असते, पंख्यांचा वेग, तापमान, व्होल्टेज ती बघते आणि सॉफ्टवेअर तिला विचारतं. ही चिप काही थेट १२ व्होल्ट सोसू शकत नाही, तिची धाव दोन ते चार व्होल्टपर्यंत. मग बोर्ड बनवणारे दोन रेझिस्टर लावून १२ चे भाग पाडतात आणि चिपला छोटा आकडा दाखवतात. समजा सहानं भागलं. चिपनं बघितलं २.०२४. आता हा आकडा परत सहानं गुणला तर १२.१४४ येतं, आणि हेच खरं. पण सॉफ्टवेअरला या बोर्डाचं माप माहीतच नसेल आणि त्यानं आपल्या मनानं चारनं गुणलं तर? २.०२४ गुणिले ४, बरोबर ८.०९६. आकडा लाल झाला, पोराची झोप उडाली, आणि एसएमपीएसचा यात काडीचाही दोष नाही.

मी भाच्याच्या शेजारी बसून तो आकडा पाच मिनिटं नुसता बघत होतो. ८.०९६ वरून तो ८.०६४ वर जायचा आणि परत ८.०९६. मधला ८.०८ किंवा ८.०७ कधीच येत नव्हता. कारण ही चिप ८ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी मोजते, पायरीच्या मध्ये काय चाललंय ते तिला दिसत नाही. ८ मिलिव्होल्ट गुणिले ४ म्हणजे ०.०३२, तीच ही उडी. खऱ्या मापात ती उडी १२.१४४ वरून १२.०९६ अशी असते, म्हणजे जवळजवळ ०.०५ व्होल्टची. पॉईंटनंतर तीन आकडे दिसले की माणसाला वाटतं मोजमाप किती बारीक आहे, पण त्यातला शेवटचा आकडा नुसता गुणाकारातून आलेला असतो. काही सॉफ्टवेअर तर उणे १२ च्या जागी कायच्या काय दाखवतात, कारण त्या बोर्डावर ती वायर चिपला जोडलेलीच नसते आणि सॉफ्टवेअर मोकळ्या पायाचा आकडा वाचत बसतं. त्याच्याकडं बघूच नका.

बायोसमधला, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधला आकडा त्यामानानं जास्त विश्वासाचा, कारण बोर्ड ज्यानं बनवला त्यालाच भागाकार माहीत असतो. पण चिप तीच, पायऱ्या त्याच, आणि बायोसमध्ये असताना ग्राफिक कार्ड जवळजवळ झोपलेलंच असतं. रिकाम्या ट्रॉलीला चढ चढताना बघून ट्रॅक्टर चांगला म्हणायचं, तसं होतं ते.

मग उरला मीटर. दोन-तीनशेचा साधा डिजिटल मीटर या कामाला पुरतो, पण तीन गोष्टी जिवापाड सांभाळा. डायल डीसी व्होल्टच्या २० वर. लाल वायर व्होल्टच्या खाचेत, १० अँपिअरच्या खाचेत चुकूनही नको, कारण तिथं घालून १२ व्होल्टला टेकवली की तुम्ही सरळ शॉर्ट केलेलं असतं, ठिणगी उडते आणि एसएमपीएस ट्रिप होतो, कधीकधी मीटर पण जातो. आणि टोकं टेकवताना हात स्थिर, एक टोक घसरून शेजारच्या पिनेला लागलं की तोच प्रकार. जुन्या हार्डडिस्कचा चार पिनी कनेक्टर मोकळा लोंबत असतो तो घ्या, मधल्या दोन पिना ग्राउंड, एका कडेला पिवळी १२, दुसऱ्या कडेला लाल ५. मीटरचं काळं टोक मधल्या पिनेत, लाल टोक पिवळीत, आणि आकडा वाचा. ३.३ साठी मोठ्या २४ पिनी कनेक्टरच्या मागच्या बाजूनं नारिंगी वायरीच्या शेजारून टोक आत सरकवावं लागतं.

आणि मीटरवरही डोळे झाकून विश्वास नको. एकदा माझ्याकडं एक कॉम्प्युटर आला, मोजलं तर १२ च्या जागी १२.९२, ५ च्या जागी ५.४१, ३.३ च्या जागी ३.५६. तिन्ही हद्दीबाहेर. मी एसएमपीएस बदलायचं ठरवलंच होतं, पण मग कागदावर मांडून बघितलं तर तिन्ही आकडे एकाच प्रमाणात वाढलेले, साधारण साडेसात टक्के. एसएमपीएस बिघडला तर तिन्ही लाईन सहसा अशा हातात हात घालून वर जात नाहीत. मीटरचा ९ व्होल्टचा सेल काढला, खडेबाजारातून नवीन आणून घातला, परत मोजलं, १२.०२, ५.०३, ३.३१. साध्या मीटरचा सेल उतरत आला की मीटर जास्त आकडा दाखवायला लागतो, कारण तो ज्या व्होल्टेजशी तुलना करून मोजतो तेच खाली गेलेलं असतं. तेव्हापासून आकडे जास्त आले की मी आधी मीटरचा सेल बघतो आणि मगच गिऱ्हाईकाशी बोलतो.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त तळमळीनं सांगायची आहे ती ही की, एकटा आकडा काही सांगत नाही, लोड आल्यावर तो किती हलतो ते बघायचं असतं. विंडोज नुसतं उघडून ठेवलंय तेव्हा मोजा, मग गेम लावा किंवा व्हिडिओ एक्स्पोर्टला टाका आणि पाच-दहा मिनिटांनी परत मोजा. १२.१० चे १२.०० झाले, चांगलं आहे, काही करू नका. ११.९० चे ११.४५ झाले आणि वाट बघत बसलात तसे अजून उतरायला लागले, तर ११.४० ची हद्द ओलांडायची वाट बघू नका.

खानापूर तालुक्यातल्या एका डीटीपीवाल्या काकांचं उदाहरण सांगतो. लग्नपत्रिका आणि बॅनरचं काम, पावसाळ्यात दुकानात ओल एवढी की कागद सुद्धा मऊ पडतो. मोठी फाईल एक्स्पोर्टला लावली की कॉम्प्युटर फटकन बंद, बाकी वेळी दिवसभर चालतोय. त्यांना आधी कुणीतरी १२ व्होल्ट मोजून "बरोबर हाय की, विंडोजचा प्रॉब्लेम असंल" म्हणून सांगितलेलं आणि दोनदा विंडोज मारून झालेलं. मी मोकळ्या चार पिनी कनेक्टरवर मोजलं, काम नसताना १२.०२, एक्स्पोर्ट चालू असताना ११.९७. म्हणजे एसएमपीएस चांगला. मग प्रोसेसरच्या चार पिनी कनेक्टरच्या मागून टोक घातलं, बोर्डाच्या बाजूला जिथं धातू दिसतो तिथं टेकवलं, एक्स्पोर्ट चालू असताना तिथं ११.५२.

बघा, ११.५२ पण हद्दीच्या आतच आहे. नुसता हा आकडा कुणी बघितला असता तर "पास" म्हणून सोडून दिलं असतं. पण एकाच वेळी, एकाच एसएमपीएसच्या दोन टोकांवर ११.९७ आणि ११.५२ येतात म्हणजे मधे कुठंतरी ०.४५ व्होल्ट हरवतायत. थोडं हरवणं साहजिक आहे, वायर म्हटली की तिचा रेझिस्टन्स आला, ४ अँपिअर गेले तर हातभर वायरीत ०.०५ व्होल्टच्या आसपास पडतात. पण ०.४५? कनेक्टर उपसून बघितला तर दोन पिवळ्यांपैकी एका पिनेच्या भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. त्या पिनेनं धरायचंच सोडलेलं होतं आणि ८ अँपिअर सगळे दुसऱ्या, अर्धवट गंजलेल्या पिनेतून चाललेले. ०.४५ गुणिले ८, म्हणजे साडेतीन वॅटपेक्षा जास्त उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळं मधे क्षणभर १२ कुठपर्यंत खाली जात होतं ते मला दिसलं नाही, पण कॉम्प्युटर बंद पडायला तेवढा क्षणच पुरतो. कनेक्टर आणि बोर्डावरचं सॉकेट बदललं, परत मोजलं, दोन टोकांतला फरक ०.०६ वर आला आणि एक्स्पोर्ट पूर्ण झाला. काका खुर्चीवरून उठून आत गेले आणि चहा सांगून आले.

दुसरी एक हालचाल ओळखायला शिका. स्वस्तातल्या, कॅबिनेटबरोबर येणाऱ्या काही एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ ची राखण एकच सर्किट करतं, दोघांचा मिळून अंदाज घेऊन. लोड सगळा १२ वर आला की १२ खाली जातं आणि त्याला सावरायला सर्किट जोर लावतं तसं बिचारं ५ उगाच वर जातं. ११.५५ आणि ५.२२ अशी जोडी दिसली की समजायचं, या एसएमपीएसला आजच्या मशीनचा भार झेपत नाही. अशा वेळी पाठीवरचं लेबल वाचा, वरचे मोठे "४५० वॅट" सोडा, १२ च्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. तिथं १६ अँपिअर असेल तर १६ गुणिले १२, १९२ वॅट, तेवढीच खरी ताकद तुमच्या प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाला मिळणार.

मीटरला न दिसणारी अजून एक गोष्ट म्हणजे रिपल, १२ व्होल्टवर बसलेली बारीक थरथर. १२ वर ती १२० मिलिव्होल्टच्या आत आणि ५ व ३.३ वर ५० च्या आत पाहिजे, पण ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो. वीज साठवून थरथर दाबणारे कॅपॅसिटर म्हातारे झाले की ही थरथर वाढते, मीटर आपला १२.०५ दाखवत राहतो आणि मशीन मात्र कधीही हँग. बोर्डावरच्या कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं तर आकड्यांच्या नादी लागू नका. एसएमपीएसचं झाकण मात्र घरी उघडू नका, आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशेपेक्षा जास्त व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तसेच राहतात.

कॉम्प्युटर अजिबातच चालू होत नसेल तर जांभळी मोजा, प्लग लावून बटण न दाबता. तिथं ५ नसतील तर पुढचं काही बघायची गरज नाही. हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस सुरू करून बघायची जी पद्धत आहे ती फक्त पंखा फिरतोय एवढं सांगते, भाराखाली काय होईल ते नाही.

आणि तो वर राहिलेला रिस्टार्टचा मुद्दा. करंट गेला की एसएमपीएस आपल्या पोटातल्या साठ्यावर पूर्ण भार १६-१७ मिलिसेकंद पेलतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे हा साठा एक पूर्ण फेरा पण नाही. लाईट नुसती लवली तर १२ हलत नाही, पण डोळ्याची पापणी लवेपर्यंत पूर्ण गेली तर मशीन रिस्टार्ट होणार, आणि नंतर मोजलं तर १२, ५, ३.३ सगळे बरोबर येणार. तिथं एसएमपीएस बदलून पैसे घालवू नका, यूपीएस घ्या.

शहापूर, वडगावातल्या जुन्या घरांत अजून एक तक्रार हमखास येते, अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, मीटर लावला तर कॅबिनेट आणि जमिनीत ११० च्या आसपास एसी दाखवतो, आणि लोक म्हणतात एसएमपीएस लीक झालाय. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग असेल तर त्यांची गळती जमिनीत निघून जाते. दोन पिनी एक्स्टेन्शन लावलं किंवा तिसऱ्या पिनेला मागं वायरच नसली की कॅबिनेट २३० च्या बरोबर मध्यावर लटकतं. करंट अगदी थोडा असतो, पण पुढं खरंच काही शॉर्ट झालं तर त्याला जायला वाट नसते. एसएमपीएस राहू द्या, वायरमन बोलवा आणि अर्थिंग करून घ्या, तेही आजच.

भाच्याला मी एक काम लावलंय, काकांनाही लावलं होतं. मशीन चांगलं चालतंय तेव्हाच मोजायचं, काम नसताना एक आणि भाराखाली एक, आणि तारीख घालून चिठ्ठी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवायची. जूनचा पाऊस सुरू झाला तसा खानापूरहून काकांचा फोन आला, चिठ्ठीवर भाराखालचे ११.९७ आहेत आणि आता ११.९५ येतंय, काय करू? म्हटलं, काका, काही करू नका, पत्रिका छापा.